अकरा गुंठ्यांचा निळा कौल

गुढीपाडव्याच्या सकाळी आयटी पार्कलगतच्या माण गावच्या रस्त्यावर वाहनं खोळंबली. तशी ती रोजच खोळंबतात, पण रोज कारण कंपन्यांच्या बसगाड्या असतात. आज कारण फुलं होती.

भूमिनाथ महाराजांच्या मठापुढे हिरव्या जाळीचा मांडव होता. मठ म्हणजे गेल्या दिवाळीपर्यंत सिमेंटचं गोदाम. मांडवात लाकडी पायऱ्यांवर चाळीस कुंड्या मांडलेल्या. प्रत्येक कुंडीला पत्र्याची चकती, चकतीवर क्रमांक, जमीनमालकाचं नाव आणि गट नंबर. सेवेकरी राजूनं जाळी बाजूला ओढली आणि गर्दी गप्प झाली. माणची गर्दी गप्प होणं हाच खरं तर त्या दिवसाचा पहिला चमत्कार.

एकेक फूल म्हणजे नारळाएवढा गेंद. काही गेंद गॅसच्या ज्योतीसारखे निळे, काही बर्फाच्या गोळ्यासारखे गुलाबी. झाड तेच, पान तेच, फुलाची घडण तीच. रंग मात्र ज्याच्या त्याच्या मातीचा.

कारण माती ज्याची त्यानंच आणली होती. माघात महाराजांनी सांगितलं होतं, प्रत्येकानं आपापल्या रानातली घमेलंभर माती मठात द्यावी. त्या मातीत महाराज आपल्या हातानं एक रोप लावतील. कळ्या येतील, त्यांवर रोज संध्याकाळी तीर्थ शिंपडलं जाईल, आणि पाडव्याला फूल सांगेल की जमिनीच्या पोटात काय आहे.

कौल लावणं गावाला नवं नव्हतं. देवाच्या अंगावर दोन बाजूंना दोन फुलं चिकटवायची, उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. लग्नं, विहिरी, बैलांचे सौदे याच फुलांनी ठरवले होते. महाराजांनी त्याची नवी आवृत्ती काढली, इतकंच. निळं म्हणजे उजवा कौल: जमिनीत देव आहे, जपा. गुलाबी म्हणजे डावा कौल: जमिनीला शाप आहे, ती घरात ठेवू नका.

कुठे ठेवायची, तेही महाराजांनी सांगितलं होतं. भूमिशुद्धी न्यासाच्या नावावर.

कुंडी चौदा

"क्रमांक चौदा," राजू माइकवर म्हणाला. "भिवाजीराव. अकरा गुंठे, आयटी पार्कच्या फेजच्या रस्त्यालगत."

चौदा नंबर गुलाबी होता. नुसता गुलाबी नाही, लाज वाटावी इतका गुलाबी.

भिवाजीनं डोक्यावरची टोपी काढली. त्याची बायको चंद्राबाई त्याच्या मागेच उभी होती. तिनं फुलाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि मग इतर कुंड्यांच्या चकत्या वाचायला सुरुवात केली. चौथीपर्यंतच शिकली होती, पण गट नंबर वाचायला तेवढं पुरतं.

"घाबरू नका भिवाजीराव," महाराज म्हणाले. वय पंचेचाळीस, दाढीला मेंदी, मनगटात घड्याळासारखं काहीतरी जे सारखं उजळत होतं. "जमीन म्हणजे हार्ड डिस्क. पूर्वजांचा सगळा डेटा तिच्यात सेव्ह असतो. तुमच्या डिस्कमध्ये व्हायरस शिरलाय. मला सांगा, घरात काही विपरीत घडलं का?"

"पोराचा पाय मोडला. दिवाळीत," भिवाजी म्हणाला. "सळई घातलीया मांडीत."

"बघा," महाराज म्हणाले.

काय बघायचं हे कुणालाच कळलं नाही, पण सगळ्यांनी पाहिलं.

"चार एकर विकलीत ना कंपनीला? उरलेला तुकडा रागावलाय. आज पाय. उद्या काय ते मी बोलत नाही." महाराजांनी डोळे मिटले आणि जे बोलणार नव्हते ते भिवाजीच्या चेहऱ्यावर उतरेपर्यंत थांबले. "अक्षय्य तृतीयेला संमतीपत्रावर सही करा. दानाला त्याहून मोठा मुहूर्त नाही."

भिवाजीनं मान हलवली. अकरा गुंठे त्याच्या नावावर होते. त्यात वाल, मेथी आणि गवार लावणारे, निंदणारे, तोडणारे हात चंद्राबाईचे होते, पण हातांची नोंद सातबारावर होत नाही.

मग प्रसाद. रांगेनं पुढे जायचं, आपल्या कुंडीतली चिमूटभर माती कपाळाला लावायची, जिभेवर ठेवायची आणि वर पाण्याचा घोट घ्यायचा. अंगारा तसाच घेतात, म्हणून कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. चंद्राबाईनंही चौदा नंबरमधली चिमूट घेतली, जिभेवर ठेवली आणि जागीच थांबली.

तीस वर्षं ती तंबाखूला चुना लावत आली होती. डाव्या तळव्यावर तंबाखू, उजव्या अंगठ्यानं चुना, दिवसातून सहा वेळा. तिच्या जिभेला चुना ओळखायला प्रयोगशाळा लागत नव्हती.

तिनं पुढे वाकून शेजारच्या पंधरा नंबरमधलीही चिमूट उचलली. ती कुंडी कुशाबाची, ओढ्यापलीकडच्या म्हाताऱ्याची, फूल निळंशार. ही माती जिभेवर पडताच गाल आतून आवळले. दाढी झाल्यावर भिवाजी गालावर फिरवतो, तो खडा.

"काकू, एकच कुंडी," राजू म्हणाला. "दुसऱ्याचा प्रसाद घेऊ नये."

"चुकलं बाबा," चंद्राबाई म्हणाली. "दोन्ही मातीच की, वाटलं चवबी तीच आसंल."

माण ग्रामस्थ (फक्त महत्त्वाचे)

त्या दुपारी गावाच्या ग्रुपवर आलेलं:

_"अद्भुत!! परदेशी शास्त्रज्ञही चकित!! आपल्या माणच्या मातीने दिला कौल. फोटो झूम करून पाहा, निळ्या फुलात ॐ दिसतो. ज्यांना दिसत नाही त्यांनी परत झूम करा."_

खाली सत्तावन्न हात जोडलेले. एकानं विचारलं होतं, उद्या पाणी किती वाजता सोडणार. त्याला कुणी उत्तर दिलं नव्हतं.

घरात

"चुना हाय त्यात," चंद्राबाई म्हणाली.

"तुझ्या तोंडात चुनाच असतो," भिवाजी म्हणाला. "तुला सगळीकडं चुनाच लागायचा."

"कुशाबाभावजींच्या कुंडीत तुरटी हाय."

"तीर्थ हाय ते. महाराज हिमालयातनं आणत्यात."

"हिमालयात दाढी करत्यात का?"

भिवाजी उठून दारात गेला. "किशोरची आय, माझी गंमत करू नकोस. पोरगं पाच महिनं खाटंवर हाय. चांगला सरळ रस्ता, दिवसाची येळ, समोर ना गाडी ना जनावर, आन पोरगं पडतंय कसं? तूच सांग कसं. तुला म्हाईत हाय?"

तिला माहीत नव्हतं. खाटेवरच्या किशोरनं टीव्हीचा आवाज वाढवला.

"ज्यांच्या जमिनी रस्त्याला, त्यांचीच फुलं गुलाबी," ती म्हणाली. "वढ्यापल्याड टँकर जात न्हाई, तितं समद्या रानात देव. मी चकत्या वाचल्या. देवाला फेजचा रस्ता ठावा हाय म्हणायचा."

"सही मी करणार हाय," भिवाजी म्हणाला. "जमीन माझी हाय." आणि मग, हळू आवाजात, "पोरगंबी माझं हाय."

चुन्याच्या चवीनं या माणसाची समजूत निघणार नव्हती. तो जमीन मूर्खपणानं देत नव्हता, पोरासाठी देत होता.

रहिमतबीची नर्सरी

सूसच्या रस्त्याला टेकडीच्या कुशीत रहिमतबीची नर्सरी आहे. पूर्वी आठवड्याच्या बाजारात चंद्राबाई भाजी घेऊन बसायची आणि रहिमतबी शेजारी मिरचीची रोपं घेऊन. आता रहिमतबी फ्लॅटवाल्यांना झाडं विकते, मुलगा साबीर टेम्पो चालवतो, आणि दोघी भेटल्या की आधी अर्धा तास एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी होते.

आज चंद्राबाई गुडघ्यांवरून थेट फुलांवर आली.

"ते व्हय," रहिमतबी म्हणाली. "हायड्रेंजिया. माझ्याकडनंच नेली चाळीस. तुझा तो राजू आलता, साबीरनंच टेम्पोनं पोचवली. सोसायटीत वाटायचीत म्हणाला."

"आन रंगाचं?"

"मीच सांगितलं की त्याला. गिऱ्हाईकाला सांगावं लागतं, न्हाईतर चार महिन्यांनी येत्यात भांडायला, मावशी, निळं दिलंत आन गुलाबी आलं म्हणून." तिनं हातातली पाण्याची झारी खाली ठेवली. "तुरटी घातली की निळं, चुना घातला की गुलाबी. यात लपवायचं काय? आमच्या धंद्यात समद्यांना ठावं हाय."

"पर असं व्हतं कसं?"

"मातीत एक धातू असतो बघ. आपल्या पातेल्यांचा, अॅल्युमिनियम. तुरटीतबी तोच. माती आंबट आसंल तर तो पाण्यात सुटतो, मुळं पितात, फूल निळं व्हतं. चुना टाकला की माती गोडी व्हती, धातू जाग्यावर आडकतो, झाडाला मिळत न्हाई. मग गुलाबी. साबीरनं मोबाइलवर वाचून दावलं मला. त्याआधी मी नुसतंच घालत व्हते."

"म्हंजी देवाचा काय संबंध न्हाई."

"देवानं धातू केला आसंल, तेवढा हाय," रहिमतबी म्हणाली. "पर अकरा गुंठे माग म्हणून तो सांगायचा न्हाई. आन पांढरी जात असती, तिला काय बी घाल, ती पांढरीच. तुझ्या म्हाराजानं ती न्हाई नेली. हुशार हाय."

चंद्राबाई एका रोपाकडे बघत राहिली. मोठी मऊ पानं, मधोमध कोबीच्या पिल्लासारखी हिरवी कळी.

"वास हाय का याला?"

"न्हाई."

"गजरा व्हतो?"

"न्हाई."

"भाजी?"

"चंद्रे, विषारी हाय ते. खायाचं न्हाई. नुसतं बघायचं."

"नुसतं बघायला कोण झाड लावतं?"

"लाव, मग कळंल." रहिमतबीनं मागच्या सावलीतून तीन रोपं ओढली. "ही उशिरा आल्यात, कळ्या हिरव्या हायेत तवर रंग ऐकत्यात. एकदा फूल उमललं की मग आपलंच खरं करत्यात. सकाळचं ऊन दे, दुपारचं देऊ नकोस. पाणी रोज, पर तळाशी साठू देऊ नकोस. तुझी काळी माती हाय, खाली विटांचे तुकडं टाक. तुरटी कुटून चमचाभर, बादलीभर पाण्यात, आठवड्यातनं एकदा. जास्ती घातलीस तर मुळं जळतील, आन मग म्हाराज म्हणंल बाई पापी हाय."

मेधा, खोली नंबर तीन

चंद्राबाईच्या घरामागे भाड्याच्या सहा खोल्या आहेत. तीन नंबरमध्ये मेधा राहते. नागपूरकडची, एका कंपनीत टेस्टिंग करते.

टेस्टिंग म्हणजे काय, हे चंद्राबाईनं तिला पहिल्याच महिन्यात विचारलं होतं. मेधा म्हणाली होती, "सगळे म्हणतात ना की हे चालतंय, ते मी मोडतंय का बघते." चंद्राबाईला वाटलं होतं, याचेही पगार देतात.

आता चंद्राबाई ती तीन रोपं घेऊन मेधाच्या दारात उभी राहिली.

"एकात तुरटी घालते, एकात चुना," चंद्राबाई म्हणाली. "मग दावते यांना."

"आणि तिसऱ्यात?"

"तिसरं जादा दिलं तिनं."

"तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, काकू. त्यात काहीच घालायचं नाही." मेधा उंबऱ्यात बसली. "आणि बाकी सगळं सेम. एकच माती, एकच पाणी, एकाच भिंतीची सावली. एक गोष्ट बदलायची, बाकी काही नाही. नाहीतर महाराज म्हणतील, ही कुंडी पूर्वेला होती म्हणून झालं."

"म्हणंल की. त्याला तोंड हाय."

"आणि माती तुम्ही नका काढू. तुमच्या बाजूच्या माणसानं नको. त्यांच्या माणसानं काढायला हवी."

चंद्राबाईनं थोडा विचार केला आणि दुसऱ्या दिवशी कुशाबाला रानात बोलावलं. कुशाबा सत्तरीचा, निळ्या कौलापासून मान ताठ झालेला. आपल्या जमिनीत देव निघाल्यावर माणूस शेजाऱ्यांशी जरा दयेनं वागतो. त्यानंच कुदळ मारली, त्यानंच एका खड्ड्यातून तीन घमेली भरली.

"शापाची माती हाय, वयनी," तो म्हणाला. "हात धुवा नंतर."

"धुते," चंद्राबाई म्हणाली. "तुमी बी धुवा."

मोरीमागची भिंत

पहिले आठ दिवस काही झालं नाही. कळ्या हिरव्याच. चंद्राबाई सकाळी पाणी घालायची आणि म्हणायची, बसलेत गप्प.

दहाव्या दिवशी दुपारी तिन्ही रोपांनी माना टाकल्या. तिला वाटलं मेली. फोनवर रहिमतबी म्हणाली, "नाटकं हायेत त्याची, पाणी दे." तासाभरात तिन्ही ताठ. चंद्राबाईला हसू आलं. असली रुसणारी भाजी तिनं आयुष्यात लावली नव्हती.

चौदाव्या दिवशी कळ्यांच्या कडा पांढुरक्या. मेधा रोज सकाळी ऑफिसला जाताना त्याच जागेवरून तिन्हींचा फोटो काढायची, कुंड्यांवर चिकटपट्टी लावून लिहिलेलं: तुरटी, चुना, काही नाही.

एकोणिसाव्या दिवशी चंद्राबाईनं भाकरी तव्यावर टाकली आणि तुरटीच्या कुंडीपाशी गेली. पाकळीच्या कडेला निळं उतरायला लागलं होतं, पांढऱ्या धोतरावर नीळ जास्त झाल्यावर दिसतं तसं, अगदी पुसट. ती बघत राहिली. भाकरी जळाली. त्या घरात तिच्या हातची भाकरी सून म्हणून आल्यावर जळाली होती, त्यानंतर आजच.

भिवाजी तिकडे फिरकत नव्हता. संमतीपत्राचा कागद त्यानं पत्र्याच्या पेटीत ठेवला होता आणि रोज काढून बघायचा.

अठ्ठाविसाव्या दिवशी तिन्ही गेंद भरले. चुना, गुलाबी. तुरटी, निळा. काही नाही, तो फिकट जांभळा, ना इकडचा ना तिकडचा.

"याचा कौल काय?" मेधानं विचारलं.

"देवाचं ठरंना झालंय," चंद्राबाई म्हणाली.

अक्षय्य तृतीया, सकाळी साडेदहा

मांडव भरलेला. टेबलावर संमतीपत्रांची चवड, निळं शाईपॅड, पेन दोरीनं बांधलेलं. भूमीच्या उद्धारासाठी आलेल्या माणसांवर पेनापुरता विश्वास नव्हता.

भिवाजीचं नाव पुकारलं. तो उठला. त्याच्या आधी चंद्राबाई उठली. मागून मेधा आणि साबीर तीन कुंड्या घेऊन आले आणि टेबलावर ठेवल्या. चिकटपट्ट्या काढून टाकलेल्या होत्या.

"महाराज," चंद्राबाई पदर सावरून म्हणाली, "आमच्या पावण्यांची जमीन हाय. तीन तुकडं. त्यांनीबी फुलं लावली. कौल तेवढा सांगा, मग हे सही करत्यात."

महाराजांनी कुंड्यांकडे पाहिलं. नवं गिऱ्हाईक, तीन तुकडे. मनगटावरचं ते उजळलं.

"ही," त्यांनी निळ्यावर हात ठेवला, "परम पवित्र. इथे साक्षात वास आहे. हात लावताच मला व्हायब्रेशन येतंय." मग गुलाबीपाशी आले आणि हात मागे घेतला. "अरेरे. इथे रक्त सांडलंय. चार पिढ्यांमागे. ही माती घरात एक दिवसही ठेवू नका."

"कितीक लांबचं हाय हे रक्त? निळ्या जमिनीपासनं?"

"कोसभर तरी. दोन्हींचा प्रवाह पूर्ण विरुद्ध आहे."

"आन हे जांभळं?"

जांभळं महाराजांच्या पोथीत नव्हतं. "हे प्रोसेसिंगमध्ये आहे," ते म्हणाले. "थोडं दान करा, थोडं ठेवा."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं.

"कुशाबाभावजी," चंद्राबाई वळली, "हिकडं या जरा. या तिन्ही कुंड्यांची माती कुणी काढली?"

कुशाबा उठला. आपण कशात सापडलो हे त्याला उठता उठताच कळलं, पण म्हातारा खोटं बोलणारा नव्हता. "म्या काढली," तो म्हणाला. "भिवाजीच्या रानातली. एकाच खड्ड्यातली. तीन घमेली."

मांडवात कुजबुज झाली. राजूनं माइक हातात घेतला आणि परत ठेवला.

"संकल्प," महाराज म्हणाले. आवाज जरा चढला होता. "घरच्या बाईच्या मनात विकल्प असला की फूल भ्रमित होतं. हा मातीचा दोष नाही, हिच्या मनाचा आहे."

"आसंल," चंद्राबाई म्हणाली. "माझं मन वायलं ठेवू. तुमच्याच कुंड्या बघू. भावजी, पाडव्याला प्रसाद घेतला व्हता का तुमी?"

"घेतला की. चिमूटभर, पाण्याबरोबर."

"आता पाण्याबिगर घ्या. बोटभर. जिभंवर राहू द्या."

कुशाबानं आपल्या पंधरा नंबरमधली माती घेतली. डोळे मिटून, भक्तीनं. मग त्याचे गाल आत गेले, ओठ गोळा झाले आणि सत्तर वर्षांचा चेहरा मुरवलेल्या लिंबाएवढा झाला.

"कशी हाय चव?"

कुशाबा बराच वेळ तोंड हलवत राहिला. "न्हाव्याकडची," तो म्हणाला.

आता लोक उठले. कुणाला सांगावं लागलं नाही. निळ्या कुंडीवाल्यांनी आपापली माती चाखली आणि तोंडं आवळली. गुलाबी कुंडीवाल्यांनी चाखली; त्यातल्या तंबाखू खाणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, पुढे काही बोलायची गरज पडली नाही. देवाला नेहमी डोळे मिटून हात जोडणारं गाव त्या दिवशी डोळे उघडे ठेवून माती खात होतं.

साबीरनं माइक घेतला. गाणी लावायला घेतो तसा एकदा ठोकला. "ही चाळीस झाडं आमच्या नर्सरीतली हायेत. माझ्या टेम्पोनं हितं उतरवलीत. राजूभाऊ, तुमी आमच्या अम्मीला इचारलं व्हतं, तुरटी किती घालायची. तिनं सांगितलं चमचाभर. तुमी जरा जास्त घालताय, पंधरा नंबरची पानं करपल्यात."

राजूनं नाही म्हटलं नाही. तो चपला शोधत होता.

महाराज शांतपणे उठले. ज्या गावाला ज्ञान पचत नाही तिथे आपण पाणीही घेत नाही, असं म्हणाले. गाडीत बसेपर्यंत दोन जणांनी त्यांच्या पाया पडून घेतलं, कारण सवय लगेच जात नाही. बाकीच्यांनी टेबलावरची चवड उचलली, आपापल्या नावाचे कागद शोधले आणि घड्या घालून खिशात ठेवले. दोरीनं बांधलेलं पेन तेवढं टेबलावरून लोंबकळत राहिलं.

खाटेपाशी

जांभळ्या फुलाची कुंडी भिवाजीनंच उचलून घरी आणली. ती अंगणात ठेवून तो आत आला आणि किशोरच्या खाटेच्या कडेला बसला.

"फुलाचं कळलं," तो चंद्राबाईला म्हणाला. "तुझंच बरोबर. पर त्यानं माझं काय भागलं? पाय कशानं मोडला ते कुठल्या कुंडीत हाय?"

मेधा दारातच थांबली. चंद्राबाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्यानं घेतला नाही.

"आबा," किशोर म्हणाला.

भिवाजीनं मान वळवली.

"मी फोनवर व्हतो. मेसेज टाईप करत व्हतो, गाडी चालवता चालवता. दुभाजक दिसला न्हाई." तो छताकडे बघत बोलत होता. "दवाखान्यात तुमी विचारलंत तवा लाज वाटली. मग तुमी करणी म्हणालात, शाप म्हणालात, मला वाटलं, बरंच हाय. मला काय ठावं तुमी जमीन द्यायला निघाल म्हणून. आन निघालात तवा बोलायची हिंमत झाली न्हाई."

भिवाजीनं खिशातला कागद काढला, उलगडला, पोराच्या हातात दिला.

"वाच," तो म्हणाला. "काय दिलं असतं ते वाच मोठ्यानं."

किशोरनं वाचलं. गट नंबर, चतुःसीमा, पूर्वेस रस्ता, पश्चिमेस ओढा, क्षेत्र अकरा गुंठे. मग त्यानं कागद आईकडे दिला. पुढचं चंद्राबाईनं वाचलं.

सहा महिने भिवाजी एकच प्रश्न घेऊन फिरला. गुरवाला विचारलं, महाराजांना विचारलं, फुलाला विचारलं. ज्याला उत्तर माहीत होतं तो घरातच पडून होता, आणि त्याला विचारलं ते एकदाच, दवाखान्यात, चार माणसांसमोर. माती शाप देत नाही. आपण तिच्यात जे घालतो ते ती फुलाला देते, त्यापलीकडे तिला आपल्या घरातलं काही ठाऊक नसतं. घरातलं घरात विचारायचं असतं, आणि ऐकून घ्यायची तयारी ठेवून विचारायचं असतं.

माणमध्ये आता बऱ्याच दारांत हायड्रेंजिया दिसतो. मठातल्या कुंड्या लोकांनी आपापल्या घरी नेल्या. कुशाबाच्या दारातला अजून निळा आहे. रंग आवडतो म्हणून तो स्वतः तुरटी घालतो, आणि विचारलं तर तसं सांगतो. तुम्हालाही लावायचा असेल तर लावा. सकाळचं ऊन, दुपारची सावली, मुळाशी ओल. निळा हवा तर चमचाभर तुरटी, गुलाबी हवा तर चुना, आणि काहीच ठरत नसेल तर काही घालू नका, जांभळाही वाईट दिसत नाही. त्याच्यापुढे हात जोडावेसे वाटले तर जोडा, फूल आहेच तसं. फक्त कुणी म्हणालं की हे फूल तुमच्याबद्दल काही सांगतंय, तर हात सोडा आणि आधी बघा, कुंडीला पाणी कोण घालतं.